नीराबाईची विमेवाली

रेवदंड्याच्या मासळीबाजारात नीराबाईकडून पापलेट घ्यायचं तर आधी थोडी उलटतपासणी सोसावी लागते. गिऱ्हाईक भाव विचारतं आणि नीराबाई गिऱ्हाइकाला विचारते. कुठून आलात, काय काम करता, ते काम म्हणजे नक्की काय करता? एकदा पुण्याहून आलेल्या दातांच्या डॉक्टरला तिनं विचारलं, की तुमचा स्वतःचा दात किडला तर तुम्ही काय करता. तो बिचारा सविस्तर सांगत बसला आणि त्याची बायको तेवढ्यात पलीकडच्या टोपलीतून सुरमई घेऊन आली. गिऱ्हाईक हातचं गेलं याचं नीराबाईला काही वाटलं नाही. डॉक्टरसुद्धा दुसऱ्या डॉक्टरपुढे तोंड उघडून बसतो, हे कळलं म्हणून ती घरी जाताना खुशीत होती.

अशा बाईनं होडीचा विमा काढायचं मनावर घेतलं, तेव्हा विमेवाल्यांची काय गत झाली असेल ते सांगायला नकोच.

मनावर घेण्याला कारण होतं. त्यांची आधीची होडी निसर्ग वादळात गेली. समुद्रात नव्हे, किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असताना गेली. नंतर 'हिंगळाई' उभी राहिली ती नीराबाईच्या अंगावरचं सोनं आणि मुलाची, विनेशची, उरणच्या कंपनीतली नोकरी सोडल्यावर मिळालेली पुंजी आणि थोडं बँकेचं कर्ज यांवर. ही होडी गेली तर तिसरी होणार नव्हती. घरात प्रत्येकाला हे ठाऊक होतं, म्हणून कुणी त्यावर बोलत नव्हतं.

नवरा शिवदास हा होडीचा तांडेल. समुद्रावर त्याचा शब्द शेवटचा आणि घरात आल्यावर मुळी शब्दच नाही, असा माणूस. पण विम्याचं ऐकल्यावर तो बोलला.

"होडी धडधाकट असताना तिच्या मरनाची तयारी करायची? अवलक्षन हाय ते."

"मंग तुमी होडीत ती नारिंगी जाकिटं कशाला ठेवलीत?" नीराबाईनं विचारलं. "शोभेला?"

शिवदास उठून जाळं सांधायला गेला. नीराबाईनं याचा अर्थ होकार असा घेतला.

पहिल्यांदा ती बँकेत गेली. तिथल्या साहेबांनी सांगितलं, कर्ज आहे म्हणजे विमा आलाच त्यात. कशाचा विमा, कर्जाचा की होडीचा, असं तिनं विचारलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि उद्या यायला सांगितलं. मग तिच्या नणंदेच्या ओळखीचा प्रणय नावाचा एजंट घरी आला. गोड बोलायचा पोरगा, आल्या आल्या पायाही पडला. "मावशी, तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघतो," म्हणाला. नीराबाईला तो पोरगा आवडला, पण ते 'बाकी मी बघतो' काही आवडलं नाही. बाकी म्हणजे काय काय, असं तिनं चारदा विचारलं आणि चारही वेळा तो हसला. पोरानं चहा मात्र कौतुक करत घेतला.

वाट सापडली ती शेवटी मासळीच्या टोपलीशीच. चौलचे रत्नपाल गुरुजी हे तिचं जुनं गिऱ्हाईक. निवृत्त शिक्षक, बोंबील चिवटपणे निवडून घेणारे. त्यांच्यापुढे तिनं मन मोकळं केलं, तर ते म्हणाले, "माझी मुलगी प्रज्ञा अलिबागला विमा ब्रोकरच्या ऑफिसात आहे. शंका असतील तर तिला विचारा."

"ब्रोकर म्हंजे दलाल?" नीराबाईचा हात बोंबलांवरच थांबला. दलाल या जातीशी तिचा उभा जन्म संबंध आला होता. बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारा दलाल कुणाच्या बाजूनं असतो, हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

"तेच तिला विचारा," गुरुजी म्हणाले आणि दोन बोंबील जास्तीचे टाकून घेतले.

प्रज्ञा रविवारी स्कूटरवरून आली. तिशीची, चष्मा लावलेली, सडसडीत मुलगी. घरात बसायला सांगितलं तर म्हणाली, आधी होडी बघते. चप्पल हातात घेऊन चिखलातून गेली आणि होडीवर चढली. आणि मग तिनं विचारायला सुरुवात केली. किती लांब जाता? सुकाणूवर कोण असतं? तांडेल आजारी पडला तर कोण? खलाशी घरचे की रोजावरचे? पावसाळ्यात होडी कुठे असते? इंजिनात पाणी गेलं होतं का कधी? बर्फ कुठे भरता, डिझेल कुठे ठेवता, रात्री दिवा कुठला लावता? विनेश उत्तरं देऊन देऊन घामाघूम झाला. नीराबाई काठावर उभी राहून बघत होती. आपल्याहून जास्त विचारणारं माणूस तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं आणि तिला एकदम घरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

पण म्हणून तिनं पोरीला सोडलं नाही.

"तू कोनाची? कंपनीची का माजी?"

"एजंट कंपनीचा असतो, मावशी. ब्रोकर गिऱ्हाइकाचा. मी तीन-चार कंपन्यांकडून विचारून आणणार, त्यातलं तुम्हाला बरं पडेल ते सांगणार. आणि उद्या नुकसान झालं तर तुमच्या बाजूनं कंपनीशी बोलणार."

"मंग तुना पैसे मी द्यायचे."

"नाही. ब्रोकरेज कंपनी देते."

"पैसे त्यांचे आनि तू माजी? ह्ये कसा काय?"

हे प्रज्ञाला आजवर कुणी विचारलं नसावं, निदान इतकं तोंडावर तरी. मग ती म्हणाली, "खरं आहे, अवघडच आहे ते. मी तुमच्याशी खोटं वागले तर सरकार माझ्या ऑफिसचा परवाना काढून घेऊ शकतं, एवढं मी सांगू शकते. पण परवान्यानं माणूस चांगला होत नाही. तुम्ही माझ्यावर आज भरवसा ठेवू नका. चौकशी करा."

चौकशी करा, असं नीराबाईला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण देणंच. सून विनितानं मोबाइलवर परवान्याचा नंबर तपासला. प्रज्ञाकडून मुरुडच्या एका होडीवाल्याचा नंबर घेऊन नीराबाईनं स्वतः फोन लावला. आधी तिकडे मासळी कशी काय आहे ते विचारलं, मग त्याची मुलगी कुठे दिली ते विचारलं आणि मग प्रज्ञाविषयी विचारलं. तो म्हणाला, "क्लेम मिलाला. पन जुन्या जाल्याचा पैसा मिलनार न्हाय असा तिनं आधीच तोंडावर सांगितला व्हता. न्हायच मिलाला." नीराबाईनं फोन ठेवला तो समाधानानं. जी बाई नाही म्हणते, तिच्या हो ला किंमत आहे, असा तिचा बाजारातला हिशेब होता.

पंधरवड्यानं प्रज्ञा तीन कंपन्यांचे प्रस्ताव घेऊन आली. सगळ्यात स्वस्त होता त्यावर शिवदासनं बोट ठेवलं.

"काका, हा होडी पूर्ण गेली तरच पैसे देणारा आहे," प्रज्ञा म्हणाली.

"आनि अर्धी फुटली तर?" नीराबाईनं विचारलं.

"काही नाही."

"म्हंजे अर्धी फुटली की आपनच पुरी बुडवायची का?"

प्रज्ञा इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. मधला प्रस्ताव ठरला. त्यात मोडतोडही होती आणि इंजिनही होतं. जाताना तिनं बजावून सांगितलं, की काहीही झालं तर आधी मला फोन करा.

"आधी देवीला हाक मारनार," नीराबाई म्हणाली.

"चालेल. देवीनंतर लगेच मला."

अशा या दोन विचारणाऱ्या बायका. दोघींनी मिळून होडीचं काही विचारायचं शिल्लक ठेवलं नाही, असं कुणालाही वाटलं असतं. एक गोष्ट राहिली. नीराबाईला ती सांगायची सुचली नाही, कारण वाडीत ती श्वास घेण्याइतकी रोजची होती. आणि प्रज्ञाला विचारायची सुचली नाही, कारण असं काही असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

कार्तिकातली सकाळ होती. होडी मासळी घेऊन परतत असताना खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली अर्धवट तरंगणारा एक मोठा ओंडका नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, बसला. विनेश सुकाणूवर होता. त्याला दिसायचं काही कारण नव्हतं, पण पोरगं आजही ते मनाला लावून घेतं. पुढच्या फळ्या आत गेल्या, पाणी भसाभसा शिरलं, इंजिन बुडालं. मागून येणाऱ्या दोन होड्यांनी दोर टाकून हिंगळाईला ओढत आणलं. माणसं धड होती. शिवदास पाण्यातून चालत वर आला तो थेट नीराबाईसमोर उभा राहिला. नीराबाईनं हिंगळाई देवीला हाक मारली, मग फोन काढला.

"होडी वर ओढून घ्या," प्रज्ञानं सांगितलं. "आणखी नुकसान होऊ देऊ नका. इंजिनातलं पाणी काढा. सगळ्या बाजूंनी फोटो काढा. पण फुटलेल्या एकाही फळीला हात लावू नका. सर्व्हेअर उद्या सकाळी पनवेलहून येतील, त्यांनी बघेपर्यंत दुरुस्ती नाही. मावशी, ऐकताय ना?"

नीराबाई ऐकत होती आणि समोर बघत होती. समोरून अख्खी वाडी येत होती. पुरुष दोर आणि ओंडके घेऊन, बायका पाण्याच्या कळशा घेऊन, आणि सगळ्यांच्या पुढे अनंता सुतार, खांद्यावर नवी फळी घेऊन.

आता ती राहिलेली गोष्ट. या वाडीत फुटलेली होडी किनाऱ्याला लागली, की तिला पहिली नवी फळी बसेपर्यंत कुणाच्या घरी चूल पेटत नाही. फुटलेल्या फळ्या काढून त्याच दिवशी वाळूवर जाळून टाकतात. चुली जाऊन गॅस आले, पण नियम आहे तसाच आहे. दहा कामं टाकून माणसं धावत येतात ती त्यामुळेच. होडी कुणाचीही असो, भूक सगळ्यांची असते.

होडी वर ओढून झाली. अनंतानं फळ्या तासायचा वाकस उचलला, आणि नीराबाई फुटलेल्या भगदाडापुढे जाऊन उभी राहिली.

"अनंता, आज न्हाय. उद्या."

अनंताला वाटलं, बाईला धक्का बसलाय. "वहिनी, बाजूला व्हा. दुपारपर्यंत फली बसते."

"इम्याचा मानूस बघून जाऊ दे. मंग."

वाळूवर कुजबूज उठली. कुणीतरी म्हणालं, आता वाडीचे हात चालत नाहीत, कंपनीचे पाहिजेत. कुणीतरी म्हणालं, तांडेलानं अवलक्षण म्हटलं होतंच. अनंतानं फळी खांद्यावरून उतरवून वाळूवर ठेवली आणि तिच्याच शेजारी बसला. त्याच्या बसण्यानं नीराबाईला जास्त लागलं. या माणसाच्या बापानं तिच्या सासऱ्याची होडी बांधली होती.

शिवदासनं तिच्याकडे पाहिलं. "नीरे, लोक उपाशी हायेत."

"मना दिसतंय."

"उद्यापरेंत उपाशी ठेवनार?"

फळी बसवली तर विमा जाणार आणि इंजिन नवं घ्यायला घरात काही नव्हतं. न बसवली तर ज्यांनी होडी ओढून आणली, त्यांच्याच पुढचं ताट काढून घ्यायचं. आयुष्यात कधी रडली नव्हती अशी ती होडीच्या आडोशाला जाऊन रडली.

दुपार कलली. वाडी नियमाला पक्की. फक्त पोरांनी पळवाट काढली होती. चूल पेटवायची नाही म्हणजे बिस्किटाचा पुडा चालतो, असा अर्थ लावून त्यांनी नाक्यावरचं दुकान मोकळं केलं. म्हाताऱ्या माणसांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

विनितानं न राहवून प्रज्ञाला फोनवर हे सगळं सांगितलं. तासाभरात स्कूटर आली. प्रज्ञानं हेल्मेट काढलं, वाळूवर बसलेली माणसं पाहिली, भगदाड पाहिलं आणि नीराबाईजवळ आली.

"मावशी, हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलं न्हाईस."

"खरंय," प्रज्ञा म्हणाली. "माझं चुकलं." आणि ती अनंतापुढे वाळूवर मांडी घालून बसली.

"दादा, मला एक समजत नाही. पहिली फळी म्हणजे कुठली फळी?"

"कुटली म्हंजे? होडीची."

"फुटली तिथेच बसवावी लागते का?"

अनंतानं तिच्याकडे रोखून पाहिलं. ही शहाणी आपल्याला कायद्यात पकडतेय, असं त्याला वाटलं असावं. पण तिच्या तोंडावर तसं काही नव्हतं. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

"फुटल्याली होडी असते, म्हनून तिथंच बसवतो," तो म्हणाला. "दुसरीकडं कोन कशाला बसवंल?"

"पण नियम काय आहे? तुमच्या वडिलांनी काय सांगितलं होतं?"

अनंतानं शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं. त्या म्हाताऱ्यानं आणखी एकाला विचारलं. हळूहळू सगळी उपाशी वाडी गोल करून बसली आणि वाद रंगला. एकजण म्हणाला, नाळेलाच पाहिजे. दुसऱ्यानं त्याला आठवण करून दिली, की त्याच्याच चुलत्याची होडी मागून फुटली होती. मग नाळेचा काय संबंध? फळी जखमेला नसते, होडीला असते, असं एक म्हातारी म्हणाली. होडीला कळलं पाहिजे की माणसं आलीत. पोटात काही नसताना लोक इतकं बोलू शकतात, हे प्रज्ञाला नवीन होतं. ती प्रत्येकाकडे मान वळवून ऐकत होती. नीराबाईही डोळे पुसून पुढे सरकली होती, कारण असा प्रश्न आपल्याला इतक्या वर्षांत का पडला नाही, याचं तिला आश्चर्य वाटत होतं.

शेवटी अनंता उठला. "वरची, इंजिनाच्या मागची एक फली कुजत आलीय. गनपतीपासून बदलायची म्हंतोय तांडेल. ती बदलतो. फुटल्याल्याला हात न्हाय लावत. फुटकी फली जालायची ती उद्या जालू."

प्रज्ञानं तिथूनच सर्व्हेअरला फोन केला. कुठली फळी बदलणार, का बदलणार, सगळं सांगितलं, आणि त्या जुन्या फळीचे फोटो पाठवले. पलीकडचा आवाज चढलेला नीराबाईलाही ऐकू आला. "हो, माझ्या जबाबदारीवर," प्रज्ञा म्हणत होती. "हो सर, लिहून देते."

अनंताला फळीचं एक टोक धरायला माणूस हवं होतं. सगळ्यात जवळ प्रज्ञा होती, तिनंच धरलं. खिळे बसले, आणि घराघरांतून शिट्ट्या वाजायला लागल्या त्या कुकरच्या.

सर्व्हेअर सकाळी आले. पन्नाशीचे, कोरडे गृहस्थ. आल्या आल्या त्यांची नजर त्या नव्या कोऱ्या फळीवर गेली.

"पाहणीआधी काम? मी फोनवर काय सांगितलं होतं?"

"मीच करायला सांगितलं, सर. ई-मेल तुम्हाला रात्रीच पाठवलाय," प्रज्ञा म्हणाली. "त्या फळीचा एक पैसा क्लेममध्ये मागितलेला नाही. फुटलेला भाग जसाच्या तसा आहे."

"हे असं चालत नाही, मॅडम. तुमच्या ऑफिसला कळवावं लागेल."

"कळवा," प्रज्ञा म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. नीराबाईच्या तोंडाशी दहा प्रश्न आले होते, पण तिनं ते गिळले आणि पोरीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग शिवदास आला. मग अनंता. सर्व्हेअरांनी या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, बूट काढले, आणि भगदाडात डोकं घालून बराच वेळ बघत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "फळ्या आतल्या बाजूला वळल्यात. ओंडकाच आहे. इंजिन उघडून दाखवा."

त्यांनी ऑफिसला कळवलंच. प्रज्ञाला वरिष्ठांपुढे उभं राहावं लागलं, हे नीराबाईला गुरुजींकडून कळलं. प्रज्ञा स्वतः त्याविषयी बोलली नाही. क्लेम मंजूर झाला. ओढताना फाटलेल्या जुन्या जाळ्याचं काही मिळणार नाही, असं प्रज्ञानं आधीच सांगितलं होतं, तसंच झालं. अनंताच्या आणि वाडीच्या मजुरीचंही बिल लावू नका, म्हणाली, कारण ती कुणी घेतलेलीच नाही. नणंदेनं यावर नाक मुरडलं. नीराबाईला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. नव्या इंजिनाचा आवाज खाडीत घुमला, तेव्हा विनेश सुकाणूवर होता आणि शिवदास मुद्दाम, लक्ष ठेवायची गरज नाही असं दाखवत, त्याच्याकडे पाठ करून बसला होता.

दुरुस्त झालेल्या होडीची पहिली मासळी बाजारात जात नाही. ज्यांचे हात होडीला लागले, त्यांच्यात ती वाटतात. वाळूवर वाटे पडले, माणसं आपापला उचलून जाऊ लागली. प्रज्ञा कागदावर सही घ्यायला म्हणून आली होती. एक वाटा तिच्या पुढ्यात आला, तशी ती मागे सरली.

"नको मावशी. गिऱ्हाइकाकडून भेट घ्यायची नाही, असा नियम आहे आमचा."

नीराबाईनं नियम कुणी केला ते विचारायला तोंड उघडलं, पण त्याआधी शिवदास उठला. विम्याचं नाव काढल्यापासून तो या मुलीशी धड एक वाक्य बोलला नव्हता. त्यानं तो वाटा केळीच्या पानासकट दोन्ही हातांत घेतला आणि तिच्यासमोर धरला.

"भेट न्हाय ही, पोरी," तो म्हणाला. "अनंताला दिला, तसाच तुना. वाटा हाय तुजा."

प्रज्ञानं सहीचे कागद काखेत धरले आणि दोन्ही हात पुढे केले.